सह्याद्रीच्या दोन उतरणी

जुन्या महाबळेश्वरात पंचगंगेचे देऊळ आहे. काळ्या दगडाच्या त्या देवळात पाच नद्यांचे उगम एकत्र आणलेले असून त्यांचे पाणी एका गोमुखातून खालच्या कुंडात पडते. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री अशी त्या नद्यांची नावे भाविक सांगतात. कुंडात पाणी एकच असते. देवळाबाहेर मात्र या बहिणींची ताटातूट होते. सावित्री पश्चिमेचा कडा उतरून कोकणात जाते आणि थोडक्याच वाटचालीनंतर बाणकोटपाशी समुद्राला मिळते. कृष्णा त्या समुद्राकडे पाठ फिरवते. अरबी समुद्र तिच्या उगमापासून अवघा साठ-पासष्ट किलोमीटरांवर असूनही ती पूर्वेकडे वळते, आणि सुमारे १,४०० किलोमीटरांची वाट चालून आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते.

पावसाच्या थेंबाने कोणत्या समुद्राला जावे, हे सह्याद्रीच्या माथ्यावर हातभर अंतराने ठरते. मग त्या माथ्याच्या अल्याड-पल्याड जन्मलेल्या माणसाचे काय? त्याने काय पेरावे, काय खावे, कोणत्या घरात राहावे, कोणापुढे हात जोडावे आणि पोटासाठी कोणत्या गावी जावे, हेही त्या डोंगरानेच ठरवून ठेवले आहे काय?

हा प्रश्न नवा नाही. चरकसंहितेने देशाचे जांगल, आनूप आणि साधारण असे तीन प्रकार कल्पिले आणि प्रत्येक देशातील माणसाची प्रकृती निराळी असते असे सांगितले. तमिळ संघम् काव्याने डोंगर, रान, शेत, समुद्रकिनारा आणि कोरडी भूमी असे भूमीचे पाच भाग मानून प्रेमाची एकेक अवस्था एकेका भूमीच्या स्वाधीन केली. एकोणिसाव्या शतकात रॅट्झेल या जर्मन पंडिताने मानव आणि भूमी यांच्या संबंधाचे शास्त्रच उभारले. पुढे त्याच्या अनुयायांनी ते इतके ताणले, की माणूस म्हणजे मातीचे बाहुले ठरू लागले. उष्ण देशातील माणसे आळशी आणि थंड देशातील कर्तबगार, असले सोयीचे निष्कर्ष काढून साम्राज्यांनी आपल्या सत्तेला हवामानाचा दाखलाही जोडून घेतला. १९२२ साली ल्यूसियाँ फेव्र या फ्रेंच इतिहासकाराने या मताचा समाचार घेतला. निसर्ग माणसापुढे शक्यता मांडतो, त्यांतून निवड करणारा माणूसच असतो, असे त्याच्या विवेचनाचे सार होते. पंडितांचा हा वाद पुस्तकांत वाचण्यापेक्षा सह्याद्रीच्या दोन उतरणींवर पाहिला, तर तो अधिक स्पष्ट होतो. तेथे एकाच भाषेची माणसे एकाच डोंगराच्या दोन बाजूंना शेकडो वर्षे राहत आलेली आहेत.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून शिलारस बाहेर आला आणि थरावर थर चढत गेला. त्या थरांतून दख्खनचे पठार बनले. महाराष्ट्रात सह्याद्री म्हणून ज्याला ओळखतात तो या पठाराचा पश्चिमेकडील तुटका काठ होय. म्हणून कोकणातून पाहणाऱ्याला तो छाती दडपून टाकणारा कडा दिसतो, आणि पठारावरून जाणाऱ्याला आपण डोंगरमाथ्यावर येऊन ठेपलो हे पायाखालची जमीन संपेपर्यंत कळत नाही. नैऋत्येचे वारे समुद्रावरून पाणी घेऊन येतात, या भिंतीला अडतात, वर चढतात आणि चढता चढता रिते होतात. महाबळेश्वरी वर्षाकाठी साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून पसरणीचा घाट उतरून वाईला यावे, तर तेवढ्या तासाभराच्या वाटेत पाऊस सातव्या-आठव्या हिश्श्यावर आलेला असतो. आणखी पूर्वेला, त्याच सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात, तो पाचशे मिलिमीटरांच्या आसपास रेंगाळतो, आणि तोही येईलच असा भरवसा कोणी देत नाही. एका जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला छपरावर गवताची शाकारणी करून घराला पावसापासून झाकावे लागते, तर पूर्व टोकाला आभाळाकडे पाहून डोळे शिणतात. इतक्या थोड्या अंतरात इतका फरक फार थोड्या देशांत आढळेल.

या फरकाच्या खुणा जगण्याच्या प्रत्येक अंगावर उमटलेल्या आहेत. कोकणात जांभा दगड, तांबडी माती, उतरती कौलारू छपरे. देशावर काळा पाषाण, काळी माती आणि सपाट धाब्याची घरे. कोकणातील गाव गावासारखे दिसतच नाही. एक वाडी या टेकडीच्या कुशीत, दुसरी पलीकडच्या वहाळाकाठी, आणि प्रत्येक घराभोवती आपापली आवाठी, आपली विहीर, आपली माडाची किंवा आंब्या-फणसाची झाडे. पाणी जागोजागी लागते, म्हणून माणसेही जागोजागी पांगली. देशावर तसे करून भागत नाही. तेथे नदी किंवा बारमाही विहीर जेथे असेल तेथेच गावठाण बसते, घराला घर खेटून उभे राहते आणि भोवती मैलभर उघडे शिवार पसरते. सारे गाव एका पाणवठ्याशी बांधलेले असल्यामुळे पाणवठ्यावरचा मान, क्रम आणि विटाळही तेथे फार कडक झाला. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह मात्र १९२७ साली घडला तो कोकणात. तेव्हा पाणी मुबलक असले म्हणजे मनेही उदार असतात, अशा समजुतीत कोणी राहू नये.

अन्नाचीही तीच तऱ्हा आहे. कोकणी माणूस खाचरात भात लावतो, वरकस जमिनीवर नाचणी आणि वरी घेतो. भात लावण्यापूर्वी जमीन भाजण्याचा राब करावा लागतो आणि लावणीच्या दिवसांत साऱ्या घराला चिखलात वाकून उभे राहावे लागते. देशावरच्या शेतकऱ्याचा मोठा आधार म्हणजे शाळू. ही रब्बीची ज्वारी परतीच्या पावसानंतर पेरतात आणि पुढे पाऊस पडला नाही तरी ती काळ्या मातीत मुरलेल्या ओलीवर पोसते. पाऊस थोडा, परंतु जमीन तो धरून ठेवणारी. उलट कोकणात पाऊस उदंड, परंतु जांभा आणि उतार त्याला क्षणभर थांबू देत नाहीत. म्हणूनच वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या कोकणातील कित्येक वाड्यांवर वैशाखात पाण्याचा टँकर न्यावा लागतो. पावसाचा आकडा आणि घरातील हंडा यांच्यामध्ये पुष्कळ गोष्टी असतात, हे एवढ्यावरूनच ध्यानात यावे.

या दोन उतरणींमध्ये विरोध आहे तसा व्यवहारही आहे, आणि त्याचा सर्वांत जुना साक्षीदार म्हणजे धनगर. फलटण, माण, बारामतीकडील मेंढपाळ पाऊसकाळ संपला की आपले वाडे हलवतात. घोड्यांच्या पाठीवर संसार, टोपलीत कोंबड्या आणि तान्ही पोरे, पुढे मेंढरांचा कळप, अशी त्यांची हलती वस्ती दसरा-दिवाळीनंतर पश्चिमेकडे निघते. त्यांतील पुष्कळजण घाट उतरून कोकणात जातात. भाताची कापणी झालेली असते, खाचरे मोकळी असतात. शेतकरी आपल्या रानात मेंढरे बसवून घेतो. रात्रभर बसलेल्या कळपाची लेंडी आणि मूत हे शेताला खत होते आणि त्याच्या बदल्यात धनगराला धान्य मिळते. ज्येष्ठ लागण्यापूर्वी मात्र त्याला घाट चढून परत फिरावेच लागते, कारण कोकणच्या पावसात मेंढराचे खूर कुजतात. कोरड्या माळावर चारा संपतो तेव्हा ओल्या मुलखात जायचे आणि ओल्या मुलखात पाणी तुंबते तेव्हा कोरड्या माळावर यायचे, असे हे जगणे आहे. भूगोलाने घातलेली अट इतक्या शहाणपणाने क्वचितच कोणी पाळली असेल. या माणसांबरोबर त्यांचे देवही फिरले. बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्या कथांत जाळ्या, वारुळे, मेंढरे आणि माळ यांचे जे जग आहे, त्याचा शोध गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने वर्षानुवर्षे धनगरांबरोबर हिंडून घेतला. रा. चिं. ढेरे यांनी तर १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात पंढरीच्या विठ्ठलाचे मूळही गवळी-धनगरांच्या दैवतात असल्याचे प्रतिपादन केले. ते मत सर्वांना मान्य झाले असे नव्हे. परंतु भीमेकाठच्या या दैवताकडे पाहताना कोरड्या माळाची आठवण ठेवावी लागेल, एवढे त्यांनी सिद्ध केले.

मेंढरे ज्या वाटांनी उतरली त्याच वाटांनी व्यापारही उतरला. सह्याद्री ही भिंत खरी, पण तिला खिंडी आहेत. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांच्या नागनिका राणीचा लेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वी सोपारा आणि कल्याण या बंदरांतील माल या घाटाने जुन्नरकडे आणि तेथून पैठणकडे जात असे. घाटातील दगडी रांजणात जकातीची नाणी टाकीत, असे लोक सांगतात. कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी अशाच घाटवाटांच्या तोंडाशी कोरलेली आहेत, आणि कार्ल्याच्या चैत्यातील खांबांवर धेनुकाकट येथील यवनांनी दिलेल्या दानांची नोंद आहे. सातवाहनांच्या काळी सह्याद्री म्हणजे दार होते. तेच दार पुढे किल्ला झाले.

मराठ्यांच्या उदयाला सह्याद्री कारण झाला, हे मत शाळकरी मुलांच्याही तोंडी असते. न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात या उदयाची मीमांसा करताना देशाच्या रचनेला पहिल्या कारणांत स्थान दिले, आणि ते योग्यच होते. शिलारसाच्या थरांमुळे येथील डोंगरांना पायऱ्या पडल्या आहेत. कठीण थराचा ताशीव कडा, त्याखाली मऊ थराची उतरण, पुन्हा कडा, अशी रचना असल्यामुळे कित्येक शिखरांना निसर्गानेच तटबंदी केली. वर सपाट माथा आणि खडकात खोदलेली टाकी. राजगड, तोरणा, प्रतापगड पाहणाऱ्याला माणसाने तेथे फारच थोडे बांधले असे वाटते. १६५९ साली अफझलखान वाईच्या मोकळ्या मुलखातून जावळीच्या रानात ओढला गेला, तेव्हाच अर्धी लढाई डोंगराने जिंकली होती.

परंतु रानड्यांनी इतर कारणेही सांगितली आहेत, ती पुष्कळदा विसरली जातात. डोंगर शिवाजी महाराजांच्या जन्माआधी साडेसहा कोटी वर्षे तेथेच होता. त्याचे किल्ले शिलाहारांनी बांधले, बहामनींनी वापरले, निजामशाही आणि आदिलशाही यांनी त्यांवर किल्लेदार नेमले. ज्या जावळीने खानाला गिळले तीच जावळी १६५६ पर्यंत चंद्रराव मोऱ्यांची होती, आणि मोरे आदिलशहाचे मांडलिक होते. म्हणजे कडे तेच, खिंडी त्याच, मावळेही तेच. स्वराज्य मात्र एकाच पिढीला सुचले. पुढे त्याच मराठ्यांचे सैन्य सपाटीवर उतरून १७६१ साली पानिपतला उभे राहिले, तेव्हा जड तोफा आणि बाजारबुणगे घेऊन लढण्याच्या त्या रीतीशी सह्याद्रीचा काही संबंध उरला नव्हता. आणि १८१८ साली इंग्रजांनी हेच दुर्गम किल्ले अवघ्या काही महिन्यांत घेतले. डोंगराची उंची कमी झाली नव्हती. तोफेचा पल्ला वाढला होता आणि गडावरील माणसांमागे उभे राहणारे राज्य संपले होते.

इंग्रजांना सह्याद्री हा केवळ अडथळा वाटला. बोरघाटातून रेल्वे नेण्याचे काम त्यांनी १८५६ साली हाती घेतले आणि १८६३ मध्ये गाड्या सुरू झाल्या. थळघाटाची वाट १८६५ मध्ये खुली झाली. बोगदे फोडताना आणि पूल उभारताना पटकीने व अपघाताने हजारो मजूर मेले, त्यांची नावे कोणत्याही दगडावर नाहीत. या दोन घाटांनी देशावरचा आणि वऱ्हाडचा कापूस मुंबईला उतरवला. मुंबईत १८५४ साली पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली होती. गिरण्या वाढल्या तसे कोकणातून गलबतांनी आणि पुढे आगबोटींनी माणसे येऊ लागली. रत्नागिरी जिल्ह्यातील क्वचितच एखादे घर असे असेल, की ज्यातून कोणी गिरणगावात गेला नाही. गावात म्हातारे, बायका आणि मुले. महिन्याकाठी पोस्टमन मनिऑर्डर घेऊन येणार आणि शिमग्याला, गणपतीला चाकरमानी येणार, असे शंभर वर्षे चालले. १९८२ च्या गिरणी संपाने या व्यवस्थेचा कणा मोडला तो मोडलाच.

कोकणच्या या दारिद्र्याचे कारण विचारले, की उत्तर ठरलेले असे: जमीन खडकाळ, तुकडे लहान, एकच पीक. उत्तर खोटे नाही. पण अपुरे आहे. कोकणच्या पुष्कळ भागात खोती होती. सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत उभा असे, आणि पिकाचा मोठा हिस्सा व वेठ त्याला द्यावी लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि पुढच्या वर्षी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत नेला. खोती प्रत्यक्ष कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर. ज्या कुळाने गाव सोडून गिरणीची वाट धरली, त्याला जांभ्या दगडाने हाकलले की खोताच्या हिश्श्याने, हे कोणत्याही नकाशावरून सांगता येणार नाही. माणसाने केलेल्या व्यवस्थेचा दोष जमिनीच्या माथी मारणे फार सोपे असते. जमीन उलट उत्तर देत नाही.

घाटापलीकडचा दुष्काळही याच कसोटीला लावून पाहण्यासारखा आहे. पर्जन्यछायेत पाऊस वारंवार चुकणार, हे निसर्गाचे विधान आहे. १८७६ ते १८७८ या काळात तो चुकला आणि मुंबई इलाख्यात लाखो माणसे अन्नावाचून आणि रोगराईने दगावली. त्या वेळी रेल्वे झाली होती, देशात धान्य होते आणि ते परदेशी जातही होते. परंतु व्यापारात ढवळाढवळ करू नये, हे सरकारी मत माणसाच्या जिवापेक्षा वरचढ ठरले. दुष्काळी कामांवरील मजुराची मजुरी कमी करण्यापर्यंत त्या काटकसरीची मजल गेली. १९७२ साली पुन्हा पाऊस चुकला. माण, खटाव, आटपाडी, सांगोला, बीड, उस्मानाबाद सगळीकडे विहिरी आटल्या, जनावरे मेली आणि बिघ्यावर हिरवे पान उरले नाही. हाल अपार झाले. परंतु सरकारने कामे काढली, आणि १९७३ च्या मे महिन्यात सुमारे ५० लाख माणसे खडी फोडण्यावर, तलावांवर आणि रस्त्यांवर राबत होती. मागच्या शतकासारखे मृत्यूचे तांडव झाले नाही. या अनुभवातूनच महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला, आणि २००५ साली तशा हमीचा कायदा साऱ्या देशासाठी झाला. दोन्ही वेळी आभाळ सारखेच कोरडे होते.

आता पुन्हा महाबळेश्वरच्या पाण्याकडे वळावे लागेल. कृष्णेने पूर्वेला जावे आणि सावित्रीने पश्चिमेला, ही निसर्गाची वाटणी होती. विसाव्या शतकात माणसाने ती बदलली. घाटमाथ्यावरचे पाणी अडवून कड्यावरून कोकणात सोडले, तर त्या उंचीच्या जोरावर वीज निर्माण होते, हे टाटांनी हेरले. लोणावळ्याच्या तलावांतील पाण्यावर १९१५ साली खोपोलीला वीज निघू लागली आणि मुंबईच्या गिरण्या तिच्यावर चालल्या. मुळशीला धरण बांधण्याचे ठरले, तेव्हा मावळातील शेतकऱ्यांनी १९२१ साली सत्याग्रह केला. सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले आणि तुरुंगवास भोगला. धरण झाले. पुढे स्वतंत्र भारतात कोयना अडवली. शिवाजीसागराचे पाणी डोंगराच्या पोटातील वीजघरांतून पोफळीकडे उतरते, वासिष्ठीला मिळते आणि चिपळूणवरून समुद्राला जाते. या प्रकल्पाची वीजनिर्मितीची क्षमता १,९०० मेगावॉटहून अधिक आहे, आणि महाराष्ट्राच्या उद्योगांवर तिचे उपकार आहेत, हे नाकारणे कृतघ्नपणा ठरेल. परंतु कृष्णा पाणी तंटा लवादाने या कामासाठी वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट पाणी पश्चिमेकडे वळवण्यास मान्यता दिली, त्याचा अर्थही समजून घेतला पाहिजे. कराडला कृष्णेस मिळून पूर्वेच्या कोरड्या मुलखाकडे जाणारे हे पाणी होते. धरणात ज्यांची गावे गेली त्यांतील कित्येकांना धो-धो पावसाचे खोरे सोडून सांगली-सोलापूरकडच्या माळावर नव्याने संसार मांडावा लागला. पाणी एका उतरणीला गेले, माणसे दुसऱ्या.

जे पाणी पूर्वेला उरले, त्याचे काय झाले हेही पाहण्यासारखे आहे. सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेतला, शाळूसाठी नावाजलेला. १९८० च्या सुमारास भीमेवर उजनीचे धरण पुरे झाले आणि बघता बघता हा जिल्हा साखर कारखान्यांनी भरून गेला. बारा महिने पाणी पिणारा ऊस पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पावसाच्या मुलखात डोलू लागला. भूगोल माणसावर हुकमत गाजवतो असे म्हणणाऱ्यांनी हा ऊस जरूर पाहावा. कालव्याच्या कडेला ऊस असतो आणि दोन कोसांवरच्या वाडीत उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची ओरड असते. दोघांच्या डोक्यावर पाऊस सारखाच पडतो.

याच कोरड्या उतरणीवर, पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे, १९७२ च्या दुष्काळानंतर एक निराळा प्रयोग झाला. विलासराव साळुंखे हे पुण्यातील अभियंते आणि उद्योजक. दुष्काळी कामांवरची माणसे पाहून ते अस्वस्थ झाले, आणि देवस्थानची उजाड जमीन भाडेपट्ट्याने घेऊन तिच्यावर त्यांनी पाणी अडवण्यास आरंभ केला. तलाव, बांध, विहीर आणि झाडे यांच्या साह्याने ओसाड उतार पिकू लागला, येथपर्यंत त्यात विशेष काही नाही. असे प्रयोग इतरत्रही झाले आहेत. त्यातून जी पाणी पंचायत उभी राहिली तिचे नियम मात्र मुळापासून वेगळे होते. पाण्याचा हिस्सा जमिनीवर नव्हे, तर घरातील माणसांच्या संख्येवर ठरणार. माणशी अर्ध्या एकराला पुरेल एवढे पाणी, आणि एका कुटुंबाला अडीच एकरांपलीकडे नाही. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. पाण्याचा हक्क जमिनीबरोबर विकता येणार नाही. आणि ऊस लावायचा नाही. ज्याच्याकडे वीस एकर आहेत त्याला ही वाटणी प्रथम अन्यायाची वाटली असेल, यात नवल नाही. पाणी जमिनीचे असते असे तो पिढ्यान् पिढ्या समजत आला होता. सरकारी पाटबंधाऱ्यांच्या कायद्यांनी हे तत्त्व कधी मनापासून स्वीकारले नाही, आणि साळुंख्यांच्या हयातीत ते पुरंदरच्या पट्ट्यापलीकडे फारसे पसरले नाही. ते २००२ साली वारले.

पूर्वीच्या अहमदनगर आणि २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्यात हिवरे बाजार नावाचे गाव आहे. पाऊस सरासरी चारशे मिलिमीटरांच्या घरात. १९७२ नंतर या गावातील माणसे कामासाठी बाहेर पडत होती आणि मागे राहिलेल्यांत दारू व भांडणे माजली होती. १९८९ पासून पोपटराव पवारांच्या पुढाकाराने गावकऱ्यांनी डोंगरावर चर खोदले, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली आणि शेतीसाठी विंधनविहिरी घेणार नाही असे ठरवले. ऊस आणि केळी यांनाही गावाने मनाई केली. पावसाळा संपला की तेथे पडलेल्या पावसाची आणि विहिरींतील पाण्याची मोजदाद होते. मग ग्रामसभा बसते. माणसांना किती, जनावरांना किती, पुढच्या वर्षासाठी जमिनीत किती राखायचे हे आधी काढून ठेवतात, आणि जे उरते त्याच्या हिशेबाने त्या सालच्या रब्बीला काय पेरायचे ते ठरते. पाऊस चांगला झाला असेल त्या वर्षी कांदा आणि गहू. कमी झाला असेल त्या वर्षी कमी पाण्याची पिके.